साडूंची सायकल

साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. बायको माणूस बघून करतो, मित्र जमले तर ठेवतो, शेजारी फारच झाला तर घर बदलतो. साडू मात्र बायकोच्या बहिणीने पसंत केलेला असतो आणि आपण त्याला जन्मभर ‘या, बसा’ म्हणायचं असतं. या गोष्टीतल्या दोन साडूंनी तर अकरा वर्षं एकमेकांना तेवढंही म्हटलं नव्हतं.

त्यांतले थोरले, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. अंगाने काटकुळे, वजन अठ्ठावन्न किलो, तेही कपड्यांचं वजा करून सांगणार. बाजारात त्यांच्या माघारी त्यांना ‘मिलिग्रॅम’ म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. धाकटे साडू बेकरीवाले. त्यांचं वजन शहाण्णव, आणि ते काहीही वजा करत नसत.

अकरा वर्षांपूर्वी कचेरीच्या यादीत बेकरीचं नाव आलं, तेव्हा निरीक्षकांना ते काम एखाद्या सहकाऱ्याकडे देता आलं असतं. पण नातं घरी आणि तराजू दुकानी, असा त्यांचा बाणा. ते स्वतः गेले. तराजू किलोमागे पंधरा ग्रॅम खात होता. त्यांनी तो सील केला आणि बेकरीच्या दारावर तीन दिवस नोटीस लटकली. बेकरीवाल्यांचं म्हणणं, तराजू जुना झाला होता, माझ्या लक्षात आलं नाही, घरी चहा पिताना सांगायला काय धाड भरली होती? निरीक्षकांचं म्हणणं, चहा पिताना सांगणारा माणूस निरीक्षक नव्हे. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे माघार कुणी घ्यायची हे ठरेना. बहिणी-बहिणी भेटत, फोनवर तासन्‌तास बोलत. हे दोघे कुठे समोरासमोर आलेच तर बायकांमार्फत बोलत. ‘यांना सांग, इथली खुर्ची रिकामी आहे’ इतपत.

मग सायकल आली.

डॉक्टरांनी बेकरीवाल्यांना बजावलं होतं, अंग हलवा, नाहीतर गोळ्या आहेतच. चालायला गुडघे तयार नव्हते, म्हणून सायकल. निरीक्षक तरुणपणी सायकलनेच कचेरीत जात. आता चोपन्नाव्या वर्षी त्यांना गावामागच्या जंगलात फिरायची हुक्की आली होती, पण साध्या सायकलीवर कंबर दगा देत होती. एका शनिवारी दोघेही, एकमेकांचा पत्ता नसताना, पानाताईंच्या दुकानात जाऊन उभे राहिले. पानाताई म्हणजे सायकली दुरुस्त करण्यात केस पांढरे केलेली बाई. ॲप्रनच्या खिशात सदा एक पाना, म्हणून हे नाव. दुकानात मधोमध ती फुल सस्पेन्शनची माउंटन बाइक उभी होती. या बाजूला चष्मा कपाळावर सरकवून किमतीची चिठ्ठी वाचणारे निरीक्षक, त्या बाजूला वाकून तीच चिठ्ठी उलटीकडून वाचणारे बेकरीवाले. किंमत वाचून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. पानाताईंना यांचा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, “दोघांत मिळून घेताय का?”

नाही म्हणायला कुणीतरी कुणाशीतरी बोलायला हवं होतं. कुणीच बोललं नाही, आणि अर्ध्या तासात सायकल दोघांची झाली.

सायकल मोठी गुणी होती. पुढच्या चाकाला दबणारा फोर्क होता, तो पानाताईंनी दोघांना चालेल असा मध्यम लावून दिला. खरी मेख मागे होती. फ्रेमच्या पोटात मुठीएवढं एक नळकांडं, त्याला शॉक म्हणतात. त्यात दाबून हवा भरलेली असते. बसणाऱ्याचं जेवढं वजन, तेवढी हवा लागते. कमी पडली तर माणूस बसल्या जागी खाली जातो आणि पेडल दगडांना घासतं. जास्त झाली तर शॉक दबतच नाही, सायकलीची नुसती फळी होते आणि वाटेतला प्रत्येक धोंडा मणक्याला येऊन भेटतो. नेमकी असली की मात्र खाली चाकं दगडांवर नाचत असतात आणि वर माणूस आपला निवांत बसलेला असतो.

हवा भरायला एक छोटा पंप मिळाला होता, त्यावर दाब दाखवणारं गेज होतं. निरीक्षकांनी ते पहिल्याच दिवशी कचेरीतल्या प्रमाणित उपकरणाला लावून पाहिलं. जरासा फरक पडला. मग काय विचारता, ज्याच्यावर मुद्रा नाही ते माप माझ्या घरात चालायचं नाही, असं म्हणून त्यांनी गेजच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून टाकली. त्याऐवजी त्यांनी पानाताईंसमोर दोघांचं वजन घेऊन हिशेब बसवला. निरीक्षकांच्या हवेत पंपाचे वीस ठोके मारले की ती बेकरीवाल्यांची हवा होते. बेकरीवाल्यांच्या हवेतून बटण दाबून वीस वेळा ‘फुस्स’ केलं की परत निरीक्षकांची. ज्याच्या हाती सायकल येईल त्याने आपलं आपण लावून घ्यायचं. नियम सोपा होता आणि बेकरीवाल्यांनाही पटला. त्यांचा आयुष्यभर हातावर विश्वास; पिठाला पाणी किती हे ते बोटांनी ठरवत.

बुधवारी संध्याकाळी सातला सायकल निरीक्षकांकडे यायची, शनिवारी सातला बेकरीवाल्यांकडे जायची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण या सायकलीचे दोन्हीकडे लाड झाले. निरीक्षकांच्या बायकोने तिच्यासाठी जिन्याखालची जागा रिकामी केली, बेकरीवाल्यांनी पिठाच्या कोठीत. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या, एकेकाकडे एकेक; पंप सायकलीबरोबरच फिरे.

गावामागच्या जंगलात अकरा किलोमीटरची एक फेरी आहे. आधी चढ, मग झाडांच्या मुळांनी उसवलेली वाट, मग ओढा, मग लांबलचक उतार. निरीक्षक गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे कचेरीआधी, आणि शनिवारी मनसोक्त, ती फेरी मारत. ओढ्यानंतरच्या उतारावर ते ब्रेकवरची बोटं सैल सोडत. खाली मागचं चाक खडखडत उतरत असे आणि यांच्या कमरेला त्याची खबरही नसे. आयुष्यभर काटा कुठे हलतो ते पाहण्यात गेलेल्या माणसाला, सगळं हलत असताना आपण तेवढे स्थिर आहोत, याचा केवढा आनंद होई. परत येताना ते एकटेच हसत असत. भाजी घ्यायला निघालेल्या शेजारणींनी ते पाहिलं होतं आणि थोरलीला येऊन विचारलं होतं की साहेबांची तब्येत बरी आहे ना.

सायकलीची देवाणघेवाण करायची तर दारात उभं राहावंच लागतं. पहिले काही आठवडे ‘चेन पुसली आहे’, ‘बरं’, एवढ्यावर भागलं. मग ओढ्याला पाणी किती, उतारावरचं पडलेलं झाड उचललं का, हे सुरू झालं. मग थोरलीने बुधवारचा चहा जास्त टाकायला सुरुवात केली. वर्ष सरलं तेव्हा सातला आलेले बेकरीवाले पावणेआठपर्यंत हलत नव्हते, आणि शनिवारी निरीक्षक त्यांच्या भट्टीशेजारच्या बाकावर गरम पाव मोडत बसलेले सापडत. जुन्या भांडणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, अशी गत झाली होती, आणि निरीक्षकांना ती मनापासून आवडली होती. भाऊ त्यांना नव्हता. मित्र म्हणावा असाही कुणी नव्हता; तराजू तपासणाऱ्याला कोण जवळ करतो?

अशात बेकरीवाल्यांचा उजवा हात भट्टीच्या ट्रेला लागून मनगटापासून भाजला. पट्टी बांधलेली बघून निरीक्षकांना वाईट वाटलं. या हाताने हा माणूस पंपाचे वीस ठोके कसे मारणार? तेव्हा शनिवारी सायकल पोचवण्याआधी त्यांनी घरीच वीस ठोके मारून ती बेकरीवाल्यांच्या वजनाची करून ठेवली. सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर बेकरीवाले ‘छे, छे, तुम्ही कशाला’ म्हणाले असते, आणि उपकार केल्यासारखं दिसलं असतं. इतक्या वर्षांनी सांधलेल्या नात्यात दोघेही ताक फुंकून पीत होते. हात बरा झाला तरी निरीक्षकांनी ही सवय सोडली नाही. दर शनिवारी जिन्याखाली उकिडवं बसून ते मुकाट्याने वीस ठोके मारत आणि साडूसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात उठत.

पट्टी निघाल्यावर बेकरीवाले पुन्हा जंगलात जाऊ लागले, पण काहीतरी बिनसलं. बुधवारी ते सायकल देऊन लगेच निघायला लागले. चहा नको, भट्टी लावायची आहे. ओढ्याला पाणी किती विचारलं तर म्हणत, असेल. मग एका शनिवारी निरीक्षक सायकल घेऊन गेले तर बेकरीवाले पिठाच्या पोत्यांवर टेकून म्हणाले, या आठवड्यात तुमच्याकडेच राहू द्या, मला वेळ नाही. पुढच्या आठवड्यात एकदा नेली, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत नाही.

पहिल्यांदा निरीक्षकांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. साडूंसाठी भरलेली हवा काढून टाकली आणि रविवारीही फेरी मिळाली. पण तिसऱ्या रविवारी उतारावर नेहमीसारखं हसू येईना. सायकल तशीच होती, वाट तीच होती, आणि घरी जाऊन ओढ्याचं पाणी सांगायला कुणी नव्हतं. बोलणं बंद होण्याची सुरुवात कशी होते हे त्यांना चांगलं माहीत होतं. ती अशीच होते, वेळ नाही म्हणण्यापासून.

“तुम्ही काही बोललात का त्यांना?” थोरलीने एका रात्री जेवताना विचारलं.

निरीक्षक म्हणाले, मी काय बोलणार. पण त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. गेल्या महिन्यात बाजारात नवे तराजू तपासले तेव्हा आपण बेकरीपाशी जरा जास्त वेळ थांबलो होतो का? शिक्का मारताना आपल्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल का? अकरा वर्षं राखेखाली राहिलेला निखारा पुन्हा फुलला असेल का? विचारून टाकावं तर भीड आडवी येई. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. थोरलीने आपल्या बहिणीला फोन करून पाहिलं. धाकटी म्हणाली, घरीही गप्पच असतात, जेवत नीट नाहीत, विचारलं की भट्टीवर निघून जातात.

पानाताई दरवर्षी एका रविवारी सकाळी त्या जातीची सायकल घेतलेल्या सगळ्यांना दुकानात बोलावत. ‘मालकांचे अनुभव’ असा खडूने लिहिलेला फळा, चहा, आणि मग सगळ्यांनी मिळून जंगलातली फेरी. तसं निमंत्रण आलं तेव्हा निरीक्षकांनी चार दिवस आधीच बेकरीत चिठ्ठी ठेवली. येईन म्हणून निरोप आला. निरीक्षकांना हायसं वाटलं. शनिवारी सायकल त्यांच्याकडेच होती, तरी उद्या साडू बसतील म्हणून त्यांनी जिन्याखाली बसून वीस ठोके मारले, आणि सकाळी ती हाताने ढकलत दुकानात नेली.

सात-आठ मालक जमले होते. दुकानाच्या मागच्या अंगणात सायकली भिंतीला टेकवून सगळे ओट्यावर बसले. बेकरीवाले सगळ्यांत शेवटी आले आणि टोकाला बसले. निरीक्षकांना ते उतरल्यासारखे दिसले. पँटचा पट्टा आवळलेला होता आणि त्याला नवं भोक पाडलेलं होतं.

अनुभव सुरू झाले. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे, पण चिखलातून आल्यावर पेशंट लिफ्टमध्ये आपल्याबरोबर चढत नाहीत. भूगोलाचे एक मास्तर होते, त्यांनी प्रत्येक चढाची उंची सांगितली आणि वेळ खाल्ला. निरीक्षकांची पाळी आली तेव्हा ते वहीत लिहून आणलेलं वाचणार होते, पण वही न उघडताच बोलले. म्हणाले, कमरेचं दुखणं गेलं, झोप लागते, आणि उतारावर असं वाटतं की वाट खालून निघून चालली आहे आणि आपण जागच्या जागी बसलो आहोत. इतकं मोकळं बोलायची त्यांना सवय नव्हती. खाली बसताना कान लाल झाले होते. बोलताना ते टोकाकडे बघत होते. बेकरीवाले मात्र आपल्या बुटांकडे बघत होते.

मग बेकरीवाले उभे राहिले.

“आमची सायकल तीच आहे,” ते निरीक्षकांकडे हात करून म्हणाले. “माझा अनुभव मात्र वेगळा आहे. वर्षभर मलाही तसंच वाटायचं. आता ती मला नुसती हाणते. दगड आला की मी सीटवरून उडतो. दोनदा पडलो. हात बरा होईपर्यंत बसून खाल्लं, त्यात मी जड झालो असेन. सायकलीचा काही दोष नाही. जड माणसाने या फंदात पडू नये.” एवढं बोलून त्यांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि दोन पावलं टाकून ती निरीक्षकांच्या तळहातावर ठेवली. “माझा अर्धा वाटा तुमचा. तुम्हाला लाभली आहे, तुम्हीच चालवा, साडूभाऊ.”

निरीक्षकांची मूठ किल्लीवर मिटली. राग नव्हता, जुनं काही उकरून काढलं नव्हतं, हे कळून त्यांना जे हलकं वाटलं ते पुढच्याच क्षणी विरलं. सायकल एकट्याची झाली की बुधवार संपला, शनिवार संपला. दारात उभं राहायला मग काय निमित्त उरणार?

पानाताईंना असल्या भावनांशी कर्तव्य नव्हतं. त्या उठल्या, सायकल भिंतीपासून ओढून बाहेर काढली आणि बेकरीवाल्यांना म्हणाल्या, बसा. निरीक्षकांनी घाईने सांगितलं, यांच्याच हवेवर आहे, मी लावून आणली आहे. बेकरीवाल्यांनी त्यांच्याकडे जरा चमकून पाहिलं. मग निमूटपणे बसले. पानाताईंनी शॉकच्या दांडीवरची रबरी कडी बघितली. माणूस बसला की शॉक दबतो आणि ती कडी खाली सरकते. किती सरकली त्यावरून हवा बरोबर की चूक ते कळतं. कडी हवी तिथून जेमतेम केसभर अलीकडे थांबली.

“हवा जवळजवळ बरोबर आहे की,” पानाताई म्हणाल्या. “मग उडता कसे?”

“आज बरोबर आहे,” बेकरीवाले खाली उतरत म्हणाले. “कारण मी अजून माझे वीस ठोके मारले नाहीत.”

“कसले वीस?” निरीक्षकांनी विचारलं.

“नेहमीचे. सायकल हातात आली की मी वीस ठोके मारतो. आपला नियमच आहे ना?”

निरीक्षक दोन पावलं पुढे आले. त्यांनी विचारलं, हात भाजला होता तेव्हाही? तेव्हाही, बेकरीवाले म्हणाले, डाव्या हाताने. रविवारपर्यंत पट्टी निघेल अशी आशा होती. पट्टी काही निघाली नाही आणि सायकल नुसतीच पडून राहिली, तेव्हा निदान तुम्हाला तरी तयार द्यावी म्हणून बुधवारी आणण्याआधी मीच वीसदा फुस्स करून हवा काढून ठेवली. तेव्हापासून, तीन महिने झाले, दर बुधवारी काढूनच देतो. सांगितलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

“मीही काढत होतो,” निरीक्षक म्हणाले. “आल्यावर. नियमाप्रमाणे.”

पानाताईंनी फळ्यावरचं ‘मालकांचे अनुभव’ पुसलं आणि खडू उचलला. त्यांनी उभी रेघ मारून एकीकडे वीस अधिक वीस मांडले, दुसरीकडे उणे वीस, उणे वीस. म्हणाल्या, तुम्ही भरून देता आणि हे वर आणखी भरतात. हे काढून देतात आणि तुम्ही वर आणखी काढता. चाळीस आत, चाळीस बाहेर. म्हणून तुम्ही बसेपर्यंत सायकल नेहमी नेमकी झालेली असते, आणि यांच्या वाट्याला मात्र दर वेळी वीस ठोके जास्तीची. तुमच्यापैकी एकाने जरी हा आगाऊपणा केला नसता ना, तर दोन आठवड्यांत सायकल बसण्याजोगी राहिली नसती आणि भानगड तेव्हाच उघड झाली असती. दोघांनीही केला, म्हणून तीन महिने कुणाला पत्ता लागला नाही.

त्यांनी पंप मागून घेतला, काळी पट्टी नखाने खरवडून काढली आणि गेजची काच पदराला पुसावी तशी ॲप्रनला पुसली. आपलं गेज शेजारी धरलं. दोन काट्यांत केसाएवढा फरक होता. “या एवढ्यासाठी झाकलं होतं?” एवढंच त्यांनी विचारलं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसत होत्या. निरीक्षकांना मात्र हसू येण्यासारखं काही दिसत नव्हतं. ते तीन महिने मोजत होते. तीन महिने आपण उतारावर हसत खाली आलो, आणि त्याच उतारावर हा माणूस आपण मारलेल्या ठोक्यांवर उडून पडत होता. आणि पडून झाल्यावर बुधवारी आपल्यासाठी हवा काढून ठेवत होता. तपासायला निघालो असतो तर पहिल्या दिवशी सापडलं असतं. तपासणं हेच तर आपलं काम.

“चूक माझी आहे,” ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. “गेज मी झाकलं. भरून मी दिली. सांगितलं मी नाही. तुम्ही पडलात ते माझ्यामुळे.”

बेकरीवाले पुन्हा आपल्या बुटांकडे बघू लागले. मग म्हणाले,

“मला वाटलं, मीच जड झालो. दोन महिने मी माझ्या बेकरीतला पाव चाखला नाही, साडूभाऊ. भट्टीतून निघाला की तोंड फिरवून उभा राहायचो.”

“अहो, पट्ट्याला भोक नवं पाडलंय तुम्ही,” निरीक्षक म्हणाले. “आतल्या बाजूला.”

बेकरीवाल्यांनी खाली आपल्या पट्ट्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या कमरेला होता. पानाताई आतून पार्सलं तोलायचा काटा ढकलत घेऊन आल्या. नव्वद भरले. मग त्यांनी गेजकडे बघत शॉकमधली थोडी हवा काढली, शहाण्णवाची नव्वदची केली, आणि बेकरीवाल्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना फाटकाकडे ढकललं. बाकीचे सगळे हेल्मेट बांधून तयारच होते. रांग जंगलाच्या वाटेला लागली आणि झाडांआड गेली.

निरीक्षक मागे राहिले. सायकल एकच होती. किल्ली अजून त्यांच्या मुठीत होती आणि ती परत कशी द्यावी हा पेच होता. आपण होऊन दिली तर गळ्यात मारल्यासारखं होईल. न द्यावी तर घेतल्यासारखं. आणि मुख्य म्हणजे हवा नीट झाली म्हणून मन नीट होतं असं थोडंच आहे. दोनदा पडलेल्या माणसाला उतार बघून धडकी भरत असेल तर? पानाताईंनी त्यांच्या हातात एक तेलकट चेन आणि ब्रश दिला, नुसते उभे राहू नका म्हणाल्या. ते घासत बसले.

पाऊण तासाने मास्तर आले, त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई, मग एकेक करून सगळे. बेकरीवाले आले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओढ्यापर्यंत बरोबर होते, मग दिसले नाहीत. तास झाला. सव्वा तास झाला. निरीक्षक फाटकाशी जाऊन उभे राहिले. चेनचं तेल त्यांच्या शर्टाला लागलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग वळणावर ते दिसले. गुडघ्यापर्यंत चिखल, हेल्मेटमधून घाम, आणि तोंडभर हसू. सायकल फाटकाच्या दगडी उंबऱ्यावरून सरळ आत आली. चाक वर गेलं, खाली आलं, आणि बेकरीवाले होते तिथेच राहिले. त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला. ते उतरले नाहीत.

“उतारावरून परत वर चढलो,” ते धापा टाकत म्हणाले. “दोनदा. परत खाली यायला.”

निरीक्षक मान हलवत राहिले.

बेकरीवाल्यांनी हात पुढे केला. “माझी किल्ली द्या.”

निरीक्षकांनी मूठ उघडली. किल्ली घामाने आणि तेलाने काळी झाली होती. बेकरीवाल्यांनी ती शर्टाला पुसून खिशात टाकली आणि सायकल फाटकाबाहेर वळवली.

“बुधवारी सातला आणतो,” ते म्हणाले. “हवा माझीच राहील. तुमची तुम्ही लावा.”

“चहाला थांबाल ना?”

“थांबतो की,” असं म्हणून बेकरीवाले पुन्हा जंगलाच्या वाटेला लागले, आणि निरीक्षक धाकटीला फोन करून सांगायला आत गेले की यजमानांना जेवायला उशीर होईल.